ट्रान्स्फरच घ्यायची असेल, तर पहिली दोन वर्षे कोठे शिकावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्या मुलीला सॅन होजे स्टेट युनिव्हर्सिटीत जीवशास्त्रासाठी प्रवेश मिळाला आहे, पण युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या, म्हणजे यूसीच्या, ज्या तीन कॅम्पसना तिने अर्ज केले होते त्या तिन्हींकडून नकार आला आहे, आणि तिचे मन अजूनही यूसी डेव्हिसवरच आहे. आपले मत असे की हाती आलेली स्टेट युनिव्हर्सिटी सोडू नये. दोन वर्षे तिथे शिकून मग डेव्हिसला ट्रान्स्फर घ्यावी, म्हणजे तिसऱ्या वर्षापासून तिथे शिकावे. तिच्या वडिलांचे मत असे की ट्रान्स्फर घ्यायचीच आहे, तर घरापासून पंधरा मिनिटांवर असलेल्या डी अँझा या कम्युनिटी कॉलेजातून, म्हणजे पहिल्या दोन वर्षांचे शिक्षण देणाऱ्या सार्वजनिक कॉलेजातून, ती घ्यावी. आणि सांगलीहून आजी फोनवर विचारत आहेत, की युनिव्हर्सिटी मिळालेली असताना पोरीला साध्या कॉलेजात का घालता?

गेली बावीस वर्षे मी बे एरियातल्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को-सॅन होजे परिसरातल्या, कम्युनिटी कॉलेजांत ट्रान्स्फर समुपदेशक म्हणून काम करत आहे आणि मराठी घरांतून हा प्रश्न दर एप्रिलमध्ये माझ्याकडे येतो. माझे उत्तर आधी सांगतो, कारणे नंतर देतो. मुलीला खरोखरच डेव्हिसला जायचे असेल, तर तिच्या वडिलांचे म्हणणे बरोबर आहे. तिला सॅन होजे स्टेटची पदवी मनापासून चालणार असेल, तर तिने सॅन होजे स्टेटमध्ये जावे, चार वर्षे तिथेच राहावे आणि ट्रान्स्फरचा विषय बंद करावा. आपण सुचवता तो मधला मार्ग, म्हणजे स्टेट युनिव्हर्सिटीत प्रवेश घेऊन तिथून यूसीला जाणे, हा ऐकायला सर्वांत सुरक्षित वाटतो. माझ्या अनुभवात मात्र तोच सर्वांत जोखमीचा ठरतो.

असे का होते, हे समजण्यासाठी १९६० सालापर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी क्लार्क केर हे यूसीचे अध्यक्ष असताना कॅलिफोर्नियाने उच्च शिक्षणाचा मास्टर प्लॅन स्वीकारला. शालान्त विद्यार्थ्यांपैकी वरचा एक-अष्टमांश यूसीसाठी, वरचा एक-तृतीयांश स्टेट युनिव्हर्सिटीसाठी (सॅन होजे स्टेट हा तिचाच एक कॅम्पस) आणि कम्युनिटी कॉलेजांचे दार सर्वांसाठी उघडे, अशी ती वाटणी होती. वाटणी सर्वांना ठाऊक असते. तिच्या सोबतचा दुसरा भाग फार थोड्या पालकांना ठाऊक असतो. शाळेतून ज्यांना थेट यूसीत जाता येणार नाही, त्यांना दोन वर्षांनी कम्युनिटी कॉलेजातून तिथे जाता यावे म्हणून यूसीने पहिल्या दोन वर्षांचे विद्यार्थी ४० टक्के आणि पुढच्या दोन वर्षांचे ६० टक्के असे प्रमाण ठेवावे, असे त्याच आराखड्यात ठरले. म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या काही जागा मुद्दाम राखलेल्या आहेत, आणि त्या कम्युनिटी कॉलेजांतून येणाऱ्या मुलांसाठी राखलेल्या आहेत. ट्रान्स्फरच्या अर्जांमध्ये यूसी त्यांनाच पहिला अग्रक्रम देते. स्टेट युनिव्हर्सिटीतून किंवा अन्य चार वर्षांच्या विद्यापीठांतून येणाऱ्यांचा विचार त्यांच्यानंतर होतो. यूसीत ट्रान्स्फर घेऊन येणाऱ्या दहांपैकी नऊहून अधिक विद्यार्थी कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांतले असतात. हा योगायोग नाही. ती व्यवस्थाच तशी बांधलेली आहे.

आजींना हे समजावून सांगायचे असेल, तर आपल्याकडच्या पॉलिटेक्निकचे उदाहरण द्यावे. दहावीनंतर डिप्लोमा करून थेट द्वितीय वर्ष अभियांत्रिकीला प्रवेश घेणारी मुले सांगली-मिरजेत घरोघरी आहेत, आणि पुढे त्यांच्या बी.ई.च्या पदवीवर कोणी बोट ठेवत नाही. इथे दुसऱ्याऐवजी तिसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, एवढाच मुख्य फरक आहे. डेव्हिसच्या पदवीपत्रावर डेव्हिसचेच नाव असते. सुरुवात कोठे झाली, याचा त्यावर उल्लेख नसतो.

आता मुद्द्याची गोष्ट म्हणजे हमी. यूसीचे सहा कॅम्पस, म्हणजे डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ, कम्युनिटी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना प्रवेशाची लेखी हमी देतात. तिला सगळे टॅग म्हणतात. विषयानुसार ठरलेले अभ्यासक्रम पूर्ण केले आणि ठरलेला गुणांक, म्हणजे जीपीए, राखला की जागा नक्की. बर्कली, लॉस एंजलिस आणि सॅन डिएगो या हमीत नाहीत. तिथे सर्वांबरोबर स्पर्धा करावी लागते. टॅग एकाच कॅम्पससाठी भरता येतो आणि काही विषय त्यातून वगळलेले असतात, उदाहरणार्थ सांता बार्बराचे अभियांत्रिकी महाविद्यालय, म्हणून त्या वर्षीची यादी पाहूनच ठरवावे लागते. आपल्या मुलीचे डेव्हिस मात्र या सहांत आहे, आणि माझ्या मते आपल्या घरच्या वादाचा निकाल इथेच लागतो. ही हमी कम्युनिटी कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. सॅन होजे स्टेटमध्ये शिकणाऱ्या मुलीला ती मिळत नाही.

टॅगच्या तारखा लक्षात घेतल्या तर आणखी एक गोष्ट कळते. टॅगचा अर्ज दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला, १ ते ३० सप्टेंबर या काळात भरायचा असतो, आणि तोवर कम्युनिटी कॉलेजात ४५ क्वार्टर युनिट, म्हणजे श्रेयांक, पूर्ण झालेली असावी लागतात. डी अँझात वर्षाचे तीन क्वार्टर, म्हणजे तीन सत्रे, असतात. दर क्वार्टरला १५ युनिट घेतली तर पहिल्या वर्षाअखेर बरोबर ४५ होतात. म्हणजे निर्णय होतो तो पहिल्या वर्षाच्या गुणांवर. ‘पहिले वर्ष रुळण्यात गेले तरी चालेल’ असे ज्या घरांत म्हटले जाते, त्या घरांतली मुले सप्टेंबरमध्ये माझ्यासमोर हताश होऊन बसलेली मी पाहिली आहेत.

जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना मी पहिल्या भेटीत एक कागद आडवा धरायला सांगतो आणि त्यावर सहा चौकोन आखायला लावतो: पहिल्या वर्षाचे फॉल, विंटर, स्प्रिंग आणि दुसऱ्या वर्षाचे तेच तीन. मग वरच्या ओळीत फक्त रसायनशास्त्र लिहायचे. डी अँझात सामान्य रसायनशास्त्र केम १ए, १बी, १सी अशा तीन क्वार्टरांत शिकवतात आणि त्यानंतर सेंद्रिय रसायनशास्त्र १२ए, १२बी, १२सी असे आणखी तीन क्वार्टर चालते. एक संपल्याशिवाय दुसरे घेता येत नाही. तीन आणि तीन सहा. ओळीत एकही चौकोन रिकामा उरत नाही. त्याच्या खाली जीवशास्त्राची ६ए, ६बी, ६सी ही मालिका, तिच्या खाली कॅल्क्युलस, त्याखाली इंग्रजी लेखनाचे दोन अभ्यासक्रम आणि उरलेल्या जागेत सामान्य शिक्षणाचे विषय बसवायचे. केम १एला बसण्यासाठी पात्रता परीक्षा किंवा आधीचा प्राथमिक अभ्यासक्रम लागतो. ती परीक्षा हुकली किंवा वर्ग भरून गेला आणि केम १ए फॉलऐवजी विंटरला सुरू झाले, की वरची सगळी ओळ एक चौकोन उजवीकडे सरकते आणि १२सी कागदाच्या बाहेर, तिसऱ्या वर्षात जाऊन पडते. कोणत्या कॅम्पसला सेंद्रिय रसायनशास्त्र किती लागते हे वेगवेगळे आहे, पण ज्या मुलीला दोन-तीन कॅम्पसना अर्ज करायचा आहे तिने संपूर्ण साखळी धरूनच चालावे. कागदावर ते सहा चौकोन दिसले की मुलांचा चेहरा बदलतो. त्या क्षणी त्यांना पहिल्यांदा कळते की ट्रान्स्फरची तयारी दुसऱ्या वर्षी नव्हे, ऑगस्टपूर्वी सुरू होते.

हीच साखळी सॅन होजे स्टेटमध्ये का जुळत नाही, असे आपण विचाराल. तिथले शिक्षण कमी दर्जाचे आहे असे मुळीच नाही. तिथला अभ्यासक्रम चार वर्षांवर पसरलेला आहे, कारण विद्यार्थी चार वर्षे तिथेच राहणार हे त्यांनी गृहीत धरलेले आहे, आणि तसे धरणे योग्यच आहे. दुसऱ्या वर्षाअखेर डेव्हिसला लागणारे सगळे पूर्ण झालेच पाहिजे, असा दबाव तिथे कोणाला नसतो. शिवाय कम्युनिटी कॉलेज आणि यूसी यांच्यात विषयानुसार लेखी करार असतात; ते असिस्ट नावाच्या अधिकृत संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात. डावीकडे यूसीचा अभ्यासक्रम, उजवीकडे त्याच्या बरोबरीचा कॉलेजचा अभ्यासक्रम, आणि बरोबरीचा नसेल तर तसे स्पष्ट लिहिलेले. कम्युनिटी कॉलेजातली मुलगी या पानावर बोट ठेवून आपली दोन वर्षे आखू शकते. स्टेट युनिव्हर्सिटीतून निघालेल्या मुलीला तेवढे स्पष्ट पान हाती नसते. तिचा एकेक अभ्यासक्रम तपासला जातो आणि उत्तर उशिरा येते.

काही वर्षांपूर्वी एका मराठी कुटुंबातला मुलगा माझ्याकडे आला होता. त्याने एका स्टेट युनिव्हर्सिटीत, तिचे नाव इथे महत्त्वाचे नाही, दोन वर्षे अतिशय मन लावून अभ्यास केला होता आणि त्याचा गुणांक ३.७ होता. यूसीच्या चार कॅम्पसना अर्ज केले, चारही ठिकाणांहून नकार आला. त्याच्या गुणपत्रिकेत सुरेख गुण होते, पण मुख्य विषयाच्या पूर्वतयारीतले दोन अभ्यासक्रम त्याच्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षी येत असत, त्यामुळे ते राहिले होते. शिवाय अग्रक्रमाच्या रांगेत तो मागे होता. वडिलांनी मला विचारले, ‘एवढे गुण असूनही?’ गुण कमी पडले नव्हते. रस्ता चुकला होता. अखेरीस तो त्याच विद्यापीठात राहिला, तिथूनच पदवी घेतली आणि आज उत्तम काम करतो आहे. पण पहिली दोन वर्षे त्याने तिथे पाहुण्यासारखी काढली. कोणत्या प्राध्यापकांच्या प्रयोगशाळेत गेला नाही, कोणत्या मंडळात सामील झाला नाही, कारण ‘आपण तर जाणारच आहोत’ असे त्याच्या मनात होते. ते नुकसान मला नकारपत्रांपेक्षा मोठे वाटते, आणि म्हणूनच मी आपल्या मधल्या मार्गाला इतक्या स्पष्टपणे विरोध करत आहे.

असे असले तरी कम्युनिटी कॉलेज प्रत्येकासाठी योग्य असते असे मी म्हणणार नाही. सॅन होजे स्टेट १८५७ साली सुरू झाले. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे ते सर्वांत जुने सार्वजनिक विद्यापीठ आहे आणि सिलिकॉन व्हॅलीतल्या कार्यालयांत त्याचे पदवीधर जागोजागी भेटतात. आपल्या मुलीला तिथे संगणकशास्त्रात किंवा नर्सिंगमध्ये जागा मिळाली असती, तर माझे उत्तर बदलले असते. जिथे जागांपेक्षा अर्ज फार जास्त असतात अशा विषयांना तिथे ‘इम्पॅक्टेड’ म्हणतात. अशा विषयातली हाती आलेली जागा सोडली, तर दोन वर्षांनी ती पुन्हा मिळेल याचा भरवसा नसतो. जीवशास्त्राची परिस्थिती मला त्या मानाने सोपी वाटते. डी अँझातून ६० सेमिस्टर युनिटांच्या, म्हणजे ९० क्वार्टर युनिटांच्या तयारीने ती सॅन होजे स्टेटलाही तिसऱ्या वर्षासाठी अर्ज करू शकेल. सोडलेली जागा राखून ठेवली जात नाही, पण दार बंदही होत नाही. उलट दिशेने पाहिले तर तसे नाही: स्टेट युनिव्हर्सिटीत शिकत असेपर्यंत टॅगचे दार बंद असते.

कम्युनिटी कॉलेजचा खरा धोका वेगळाच आहे. तिथे कोणी मागे लागत नाही. वसतिगृह बहुतेक ठिकाणी नसते, तास संपला की मुले गाडीत बसून घरी किंवा कामावर जातात. पार्ट टाइम नोकरी लागते, पगार हातात येतो, मग या क्वार्टरला दोनच विषय, पुढच्या क्वार्टरला एकच, असे करत दोन वर्षांची चार होतात. डी अँझात आलेली सगळीच मुले ट्रान्स्फर होऊन जातात असे नाही. जी मुले पहिल्या काही आठवड्यांत समुपदेशकाबरोबर बसून पूर्ण शैक्षणिक आराखडा तयार करतात, पूर्ण वेळ शिकतात आणि दर क्वार्टरला तो आराखडा तपासून घेतात, ती जातात. मुलगी स्वतःहून दार ठोठावणारी आहे का, हे आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. ती संकोची असेल, आजूबाजूला उत्साही मुले असल्याशिवाय तिचे मन अभ्यासात लागत नसेल, तर या एका कारणासाठीही सॅन होजे स्टेट निवडणे शहाणपणाचे ठरेल; मात्र तिथे मनापासून राहण्याच्या तयारीने.

गुणांबाबत दोन गोष्टी अशा आहेत की त्या आधी कळलेल्या बऱ्या. यूसी ट्रान्स्फरसाठी शाळेचे गुण पाहत नाही, एसएटी ही प्रवेश परीक्षाही पाहत नाही. यंदाचे नकार तिच्या पुढच्या अर्जावर कोणतीही छाया टाकत नाहीत. पण शाळेत असताना तिने कॉलेजचा एखादा अभ्यासक्रम घेतला असेल, तर त्याची श्रेणी ट्रान्स्फरच्या गुणांकात धरली जाते, आणि हे अनेकांना फार उशिरा कळते. रहिवाशांसाठी यूसीची किमान अट २.४ गुणांकाची आहे, पण तो केवळ उंबरठा आहे; डेव्हिसच्या टॅगला त्याहून बरेच अधिक लागते.

पैशांचा विचार आपण केला आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. कम्युनिटी कॉलेजात राज्यातल्या रहिवाशांना दर सेमिस्टर युनिटला ४६ डॉलर पडतात. डी अँझात क्वार्टर युनिटला ३१. नव्वद युनिटांचे २,७९० डॉलर होतात, आणि पूर्ण वेळ शिकणाऱ्या नव्या विद्यार्थ्यांना अनेक कॉलेजे पहिली दोन वर्षे हेही माफ करतात. स्टेट युनिव्हर्सिटीची शिकवणी फी २०२५-२६ साठी वर्षाला ६,४५० डॉलर आहे, कॅम्पसचे शुल्क वेगळे, आणि २०२४ पासून ती दर वर्षी ६ टक्क्यांनी वाढते आहे. दोन वर्षांत दहा-अकरा हजारांचा फरक पडतो. मुलगी दोन्हीकडे घरूनच जाणार असल्याने राहण्या-जेवण्याचा खर्च सारखाच आहे. हा फरक लहान नाही, पण त्यावरून निर्णय घेऊ नये. कोणत्याही मार्गावर एक वर्ष जादा लागले, तर ते या बचतीपेक्षा महाग पडते.

आपण पत्रात व्हिसाचा उल्लेख केलेला नाही, पण आपल्या समाजात तो प्रश्न इतका आढळतो की लिहिल्याशिवाय राहवत नाही. मुलगी एच-४ वर, म्हणजे आई-वडिलांच्या कामाच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर, असेल आणि ग्रीन कार्डची वाट पाहणे चालू असेल, तर वयाच्या २१व्या वर्षी तिचा एच-४ दर्जा संपतो, आणि तो दिवस बहुधा तिसऱ्या किंवा चौथ्या वर्षाच्या मध्येच येतो. एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागला, तर पुढे रहिवासी म्हणून फी लागू होईल की नाही, हे विद्यापीठाचे रहिवास कार्यालय ठरवते. यूसीत अनिवासी विद्यार्थ्याला वर्षाला ३० हजार डॉलरहून अधिक रक्कम वर भरावी लागते. केंद्र सरकारचे शैक्षणिक साहाय्य एच-४ वर मिळत नाही. म्हणून अशा घरांना मी दोन गोष्टी सांगतो: रहिवास कार्यालयाला आत्ताच लेखी विचारून ठेवावे, आणि २००२च्या बाल दर्जा संरक्षण कायद्याचा आपल्या प्रकरणात काही उपयोग होतो का, हे वकिलांकडून तपासून घ्यावे. अशा मुलीच्या बाबतीत दोन वर्षांची तीन होऊ न देणे हे अधिकच महत्त्वाचे ठरते.

सॅन होजे स्टेटला होकार कळवण्याची मुदत १ मे आहे, म्हणजे आपल्या हातात तीन आठवडे आहेत. या तीन आठवड्यांत तिने स्वतः, आपण नव्हे, असिस्टवर डी अँझा आणि डेव्हिस यांचा जीवशास्त्राचा करार उघडून त्याचे पान छापून घ्यावे आणि एकदा डी अँझाच्या ट्रान्स्फर केंद्रात ते पान घेऊन जावे. दुसऱ्या दिवशी सॅन होजेला जाऊन जीवशास्त्राच्या एखाद्या तासाला बसता येते का ते पाहावे आणि तिथल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलांशी बोलावे. घरी आल्यावर तिला एकच प्रश्न विचारा: डेव्हिस कधीच मिळाले नाही, तर सॅन होजेमध्ये चार वर्षे आनंदाने राहशील का? ती क्षणाचाही विलंब न लावता ‘हो’ म्हणाली, तर १ मेपूर्वी तिथे होकार कळवून टाका. ती थांबली, विचारात पडली, तर डी अँझाचा अर्ज भरा, जून-जुलैमध्ये रसायनशास्त्राची पात्रता परीक्षा देऊन टाका आणि नावनोंदणी उघडताच, त्याच दिवशी, फॉलच्या केम १एमधली जागा पक्की करा.